कार्ड आत घालणे सोपे, बाहेर काढणे अवघड

नागभीडसारख्या तालुक्याच्या गावी संगणक बंद पडला, की दुरुस्ती करणारा मुलगा बहुधा आधी एकच उपाय करून पाहतो. डबा उघडतो, ‘रॅम’ची पट्टी बाहेर काढतो, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलकेच फिरवतो आणि पट्टी पुन्हा जागेवर बसवतो. बऱ्याचदा संगणक सुरू होतो. उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांमुळे पट्टी आणि खाच यांच्यातला विद्युतसंपर्क बिघडलेला असतो. काढघाल केल्याने तो पूर्ववत होतो.

ही पट्टी तो ओढून काढत नाही. खाचेच्या टोकाला प्लास्टिकचे छोटे कान असतात. ते अंगठ्याने बाहेर दाबले की पट्टी आपोआप वर उचलली जाते. हे कान म्हणजे कार्ड बाहेर ढकलणारी एक छोटी तरफ. आपले त्याकडे कधी लक्ष जात नाही. पण याच तरफेचे भाईबंद आज मोबाइलमध्ये, साखर मोजण्याच्या यंत्रात आणि क्षयरोगाच्या तपासणी यंत्रातही आहेत. तिथे प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही, तो संसर्गाचा होतो.

आधी जोराचा हिशेब पाहू. खाचेत धातूच्या बारीक स्प्रिंगा असतात आणि त्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांना घट्ट धरून ठेवतात. ‘डीडीआर ४’ प्रकारच्या रॅमला असे २८८ संपर्क असतात. समजा, प्रत्येक स्प्रिंगची पकड अवघ्या ३० ग्रॅम वजनाइतकी आहे. तरी एकूण पकड साडेआठ किलोच्या पुढे जाते. नुसत्या बोटांनी एवढ्या जोराने ओढले, तर पट्टी तिरकी निघते, एखादी स्प्रिंग वाकते आणि यंत्र कायमचे बिघडते. तरफेचा लांब हात आखूड हाताच्या चौपट ठेवला, की हाच जोर सव्वादोन किलोच्या आत येतो. तो दोन अंगठ्यांत विभागला, की प्रत्येकी एक किलोच्या आसपास उरतो. शिवाय पट्टी सरळ वर येते.

पण तरफ फुकट काही देत नाही. जोर चौपट कमी झाला, की अंतर चौपट वाढते. कार्ड ३ मिलिमीटर सरकवायचे, तर बोटाला १२ मिलिमीटर जावे लागते. मोठ्या डब्यात ही जागा मिळते. लहान यंत्रात मिळत नाही आणि रचनाकाराची खरी कसोटी तिथेच लागते.

त्यावर एक साधी गोष्ट उपयोगी पडते. सगळा जोर पहिल्या दोन-तीन मिलिमीटरलाच लागतो. स्प्रिंगांची पकड सुटली, की पुढे कार्ड बोटानेही निघते. म्हणून संगणकात कार्ड पूर्ण बाहेर ढकलण्याची गरज नसते. पकड सोडवली की काम झाले. १९९० च्या दशकातल्या लॅपटॉपमध्ये ६८ पिनांचे कार्ड असे. त्याच्या शेजारी एक बटण होते. ते आत दाबले, की मागची आडवी तरफ फिरे आणि कार्ड बाहेर येई. मोबाइलचे सिम काढताना आपण भोकात टाचणी घालतो, तेव्हाही हेच घडते. टाचणी तरफेचे एक टोक आत ढकलते आणि दुसरे टोक सिमचा ट्रे बाहेर सरकवते.

कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डाची तऱ्हा वेगळी. ते एकदा दाबले की अडकते, पुन्हा दाबले की सुटते. आत बदामाच्या आकाराची एक बारीक खाच असते. तिच्यातून एक तारेचा खिळा फिरतो. पहिल्या दाबाला तो बदामाच्या खोबणीत विसावतो, दुसऱ्या दाबाला दुसऱ्या वाटेने निसटतो आणि स्प्रिंग कार्डाला बाहेर लोटते. बाहेर बटण नाही, कान नाहीत, त्यामुळे जागा फार कमी लागते. तोटा एवढाच, की चुकून धक्का लागला तरी कार्ड सुटू शकते. हृदयाचे ठोके दिवसभर नोंदवणाऱ्या काही होल्टर यंत्रांत असे कार्ड असते. ते मध्येच सुटले तर रुग्णाची तपासणी वाया जाईल. अशा यंत्रात कार्डावर झाकण असणे म्हणूनच महत्त्वाचे.

आता घरोघरी पोहोचलेल्या ग्लुकोमीटरकडे येऊ. त्याची पट्टीसुद्धा एक छोटे कार्डच आहे. संपर्क मोजकेच, त्यामुळे पकड किरकोळ. बोटाने सहज निघेल. मग काही यंत्रांना पट्टी बाहेर फेकणारी कळ कशासाठी? कारण पट्टीच्या टोकावर रक्त असते. इथे पकड सोडवून भागत नाही. पट्टी हात न लावता थेट कचऱ्याच्या डब्यात पडली पाहिजे. संगणकात जोर जास्त आणि अंतर कमी लागते, इथे जोर कमी आणि अंतर जास्त. गरज बदलली, की रचनाही बदलते.

ही काळजी अनाठायी नाही. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर पडल्यावर किमान सात दिवस संसर्ग करू शकतो. सुकलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या डागातही तो असू शकतो. अमेरिकेत वृद्धांच्या निवासांमध्ये साखर तपासण्याचे साहित्य अनेकांसाठी वापरल्याने या आजाराचे उद्रेक झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे तपासणी शिबिरात एकाच यंत्रावर रांगेने पन्नास-शंभर जण तपासले जातात. तिथे या छोट्या कळीचे मोल कळते.

दुसरे उदाहरण गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या ‘ट्रूनॅट’चे. या यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये क्षयरोगाच्या निदानासाठी मान्यता दिली. त्यात प्रत्येक रुग्णासाठी एक नवी चिप लागते. इजेक्टचे बटण दाबले, की ट्रे बाहेर येतो. त्यावर चिप ठेवायची, नमुन्याचे थेंब सोडायचे आणि ट्रे आत सरकवायचा. साधारण तासाभरात निकाल मिळतो. तोवर जंतूच्या जनुकाच्या तुकड्याच्या असंख्य प्रती चिपमध्ये तयार झालेल्या असतात. त्यातला अंशही पुढच्या नमुन्यात मिसळला, तर निरोगी माणसाचा अहवाल क्षयरोगाचा येऊ शकतो. म्हणून चिप हिसका न देता काढणे आणि लगेच जंतुनाशक द्रावणात बुडवणे, हा तपासणीचाच भाग आहे.

नागभीड-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, धान मळणीच्या दिवसांत हवेत भुसा असतो आणि यंत्र बिघडले तर नागपूर सुमारे शंभर किलोमीटरवर. अशा ठिकाणी यंत्र निवडताना किंमत आणि पडदा पाहावा, तशी त्याची खाच, झाकण आणि कळही पाहावी.

घरच्यांसाठी थोडे नियम पुरेत. पट्टी सरळ घाला, सरळ काढा. कळ असेल तर तीच वापरा. खाचेत टाचणी, कापूस किंवा स्पिरिट घालू नका. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा. अनेक पट्ट्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात, तेव्हा डबीवरची सूचना वाचा. बोट टोचण्याची सुई आणि ती बसवायचे पेन दुसऱ्याला कधीच देऊ नका, नवरा-बायकोतही नाही. शिबिरात प्रत्येकासाठी नवी, एकदाच वापरायची सुई, बदललेले हातमोजे आणि पुसलेले यंत्र हवे. हे दिसले नाही, तर बोट पुढे करण्याआधी खुशाल विचारा. तसे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही.