दहापैकी ताण किती?

पाय पसरून बसा आणि गुडघे न वाकवता अंगठे धरायला वाका. गुडघ्याच्या लवणीतून निघालेली एक ओढ मांडीच्या मागून वर चढते. आता सांगा, ती दहापैकी किती?

ताप अंशांत, वजन किलोत, पण ओढ कशात मोजायची? बोटं किती पुढे पोचली ते पट्टी सांगते. पण एकाच खुणेवर पोचलेल्या दोघांपैकी एक गप्पा मारत असतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं. हा फरक पट्टीला दिसत नाही.

दमणुकीच्या बाबतीत हा पेच स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने सोडवला होता. त्याची मोजपट्टी 6 पासून 20 पर्यंत. आकडे चक्रमच वाटतात, पण त्यांना दहाने गुणा: 60 ते 200. निरोगी तरुणाच्या नाडीचे ठोके साधारण याच टप्प्यात असतात. सायकल मारणाऱ्याने नुसतं मनाने सांगितलेला आकडा त्याच्या नाडीशी बऱ्यापैकी जुळायचा!

ताणाला अशी नाडी नाही. म्हणून तिथे शब्दांचा आधार घ्यावा लागला. ब्राझीलमधल्या ‘पर्फ्लेक्स’ या मोजपट्टीवर 30 पर्यंत काही विशेष जाणवत नाही, 60 पर्यंत ओढ, 80 पर्यंत अस्वस्थता, 90 पर्यंत सोसवेल असं दुखणं आणि त्यापुढे तीव्र वेदना. पट्टी 110 ला संपते. शंभराच्या पुढेही दुखणं उरतंच, हे ज्याच्या लक्षात आलं त्याने स्वतः भरपूर ताण घेतलेला असणार.

मराठीत ही पट्टी मला आयतीच तयार दिसते: ताण, ओढ, रग, कळ, चमक. रग लागली तर माणूस तसाच थांबतो, चमक निघाली की झटकन सुटतो. आकडा न उच्चारता दोन पायऱ्यांमधलं अंतर कळतं.

पण माणसाच्या सांगण्यावर भरवसा किती ठेवायचा? यंत्रालाच का विचारू नये? 1996 मध्ये कोपनहेगनच्या मॅग्नुसन आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. तीन आठवडे एकाच पायाला ताणाचा व्यायाम, दुसरा पाय तुलनेसाठी तसाच. मग यंत्राने गुडघा सावकाश सरळ करत नेला आणि स्नायू किती विरोध करतो ते मोजलं. व्यायाम केलेला पाय जास्त लांब गेला. स्नायू सैल झाला असावा, असंच कोणालाही वाटेल. पण त्याच कोनात त्याचा विरोध पूर्वीइतकाच होता आणि स्नायूतली विद्युत हालचालही तशीच मंद. बदललं होतं ते माणसाचं ‘बास!’ म्हणणं. ते आता उशिरा येत होतं, जास्त ताण सोसून येत होतं.

म्हणजे निदान अशा काही आठवड्यांच्या व्यायामात लवचिकता वाढते ती मुख्यतः जाणिवेत. ज्याला कच्चं माप समजून बाजूला ठेवायचं, ते माणसाचं ‘किती वाटतंय’ हेच खरं बदलणारं माप निघालं, आणि त्याचा पुरावा दिला यंत्राने.

आता पुन्हा वाका. मघाचीच ओढ, मघाचाच कोन. आकडा तोच सांगाल का?