सर्वेश कुशारे

सर्वेश अनिल कुशारे (जन्म: १७ जून १९९५) हा महाराष्ट्रातील भारतीय उंच उडीपटू आहे. त्याने राष्ट्रीय पातळीवर उंच उडीची अनेक विजेतेपदे मिळवली असून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो येथील जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत त्याने २.२८ मीटर उंची पार करून सहावा क्रमांक मिळवला. या स्पर्धेच्या उंच उडी प्रकारात अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय होय.

प्रारंभिक जीवन

सर्वेश नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील देवगाव या गावचा. त्याचे कुटुंब शेतकरी आहे. शाळेतील क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनी त्याला उंच उडीकडे वळवले.

ग्रामीण शाळेत लांब उडी शिकवणे त्या मानाने सोपे असते. मैदानाच्या कडेला हौद खणून त्यात वाळू भरली आणि टेक घेण्यासाठी फळी बसवली की सराव सुरू होतो. उंच उडीचे तसे नाही. आजचा उडीपटू दांडीवरून पाठीच्या बाजूने जातो आणि खांदे व पाठ यांवर उतरतो. खाली जाड फोमची गादी नसेल तर मान किंवा मणक्याला गंभीर इजा होऊ शकते. अशी गादी महाग असते, शिवाय ऊनपावसापासून जपावी लागते. त्यामुळे गादी नसलेल्या शाळांतील मुले बहुधा कात्री पद्धतीने, पायांवर उतरत उडी मारतात आणि एका मर्यादेपुढे त्यांची प्रगती खुंटते.

देवगावात यावर स्थानिक तोडगा काढण्यात आला. मक्याचे भुस्कट, कापूस अशा साहित्याने भरलेली गादी तयार करण्यात आली आणि सर्वेशने पाठीवर उतरण्याचा सराव तिच्यावरच केला. पुढे तो भारतीय सैन्यात दाखल झाला. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये त्याला शास्त्रशुद्ध प्रशिक्षण व साधने मिळाली.

उडीचे तंत्र

सर्वेश वापरतो ती पद्धत ‘फॉसबरी फ्लॉप’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या डिक फॉसबरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये याच पद्धतीने २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळवले, आणि पुढील काही वर्षांत जुन्या पद्धती स्पर्धांतून जवळजवळ नाहीशा झाल्या. वाळू किंवा लाकडाच्या भुशाऐवजी फोमच्या गाद्या आल्या नसत्या तर हा बदल घडणे कठीण होते.

या पद्धतीत खेळाडू अखेरची पावले वक्राकार मार्गाने धावतो. वळणामुळे शरीर दांडीपासून दूर, आतल्या बाजूला कलते. एका पायावर टेक घेताच ते सरळ होते आणि धावेचा वेग वरच्या दिशेने वळतो. दांडीवर शरीराची कमान होते. डोके, खांदे, कंबर आणि पाय एकामागून एक दांडी ओलांडत असल्याने शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या किंचित खालून गेला तरी उडी यशस्वी होऊ शकते.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

२०१९ मध्ये काठमांडू येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सर्वेशने २.२१ मीटर उडीसह सुवर्णपदक पटकावले. २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने २.२७ मीटर उंची पार केली. भारतीय उंच उडीत २.२५ मीटरच्या पुढे जाणारे खेळाडू मोजकेच असल्याने या कामगिरीला विशेष महत्त्व आहे.

जुलै २०२३ मध्ये बँकॉक येथील आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत २.२६ मीटर उडीने त्याला रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत मात्र तेवढ्याच उंचीवर तो चौथा राहिला आणि पदक थोडक्यात हुकले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर २.१५ मीटरनंतर २.२० मीटरवर त्याचे तिन्ही प्रयत्न अयशस्वी ठरले व तो पात्रता फेरीतच बाद झाला. २.२७ मीटर उडी नावावर असलेल्या खेळाडूसाठी हा निकाल निराशाजनकच होता. उंच उडीत सलग तीन अपयशी प्रयत्नांनंतर खेळाडूची स्पर्धा संपते, त्यामुळे सुरुवातीच्या उंचीवर सूर बिघडला तर तो सावरण्यास फारशी संधी उरत नाही.

पुढच्याच वर्षी टोकियोत चित्र पालटले. पात्रता फेरीत २.२५ मीटर उडी मारून त्याने अंतिम फेरीत स्थान मिळवले. १६ सप्टेंबर रोजी झालेल्या अंतिम फेरीत २.२८ मीटर उंची त्याने तिसऱ्या, म्हणजे अखेरच्या प्रयत्नात पार केली. ही त्याची वैयक्तिक सर्वोत्तम उडी ठरली. त्यानंतर २.३१ मीटरवर तो अपयशी ठरला. न्यूझीलंडच्या हॅमिश केरने २.३६ मीटरसह सुवर्ण, दक्षिण कोरियाच्या वू सांग-ह्योकने २.३४ मीटरसह रौप्य आणि चेक प्रजासत्ताकाच्या यान श्तेफेलाने २.३१ मीटरसह कांस्यपदक मिळवले. सर्वेशला जे २.३१ मीटर साधले नाहीत, तीच उंची कांस्यपदकाची होती.

राष्ट्रीय विक्रम

टोकियोतील उडी राष्ट्रीय विक्रमापेक्षा केवळ एका सेंटीमीटरने कमी होती. हा २.२९ मीटरचा विक्रम तेजस्विन शंकरने एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत शिकत असताना नोंदवला. त्यापूर्वी हरिशंकर रॉयचा २.२५ मीटरचा विक्रम २००४ पासून बारा वर्षे अबाधित होता. तोही २०१६ मध्ये तेजस्विननेच मोडला. पुरुषांचा जागतिक विक्रम क्यूबाच्या हावियेर सोतोमायोरच्या नावावर असून त्याने १९९३ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे २.४५ मीटर उडी मारली होती.