नारूची साखळी तोडणारा हापसा

घरातल्या वडीलधाऱ्यांना 'नारू' म्हणजे काय ते विचारून पाहा. पायातून इंच-इंच बाहेर पडणारा दोऱ्यासारखा जंत त्यांच्यापैकी कुणीतरी पाहिलेला असेल. भारतात नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली आढळला. आफ्रिकेतील दक्षिण सुदानात मात्र तो ठाण मांडून राहिला. १९८३ ते २००५ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धात तेथील गावेच्या गावे उठली आणि डबक्याचे पाणी पिण्यावाचून अनेकांना गत्यंतर उरले नाही.

नारू पसरतो कसा? साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव असतो. तो नारूच्या अळ्या गिळतो. ते पाणी आपण प्यायलो, की सायक्लॉप्स जठरात मरतो, अळ्या जगतात! सुमारे वर्षभराने मीटरभर लांबीची मादी कातडीला फोड आणून बाहेर येऊ लागते. आग शमवण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवतो आणि मादी तेथे असंख्य अळ्या सोडते. झाली साखळी पुरी! यावर ना लस, ना औषध.

विंधणविहिरीचे तोंड बंद असते. तिच्या पाण्यात रोग्याचा पाय पडत नाही, मग सायक्लॉप्सला अळ्या मिळणार कोठून?

पण खोलवरचे पाणी वर आणायचे कसे? हवेचा दाब पाणी फार तर १० मीटर चढवू शकतो. म्हणून हापशाचे सिलिंडर खाली पाण्यातच बसवतात. दांडा दाबला, की दट्ट्या वर सरकतो. त्याची झडप मिटून वरचे पाणी उचलले जाते आणि तळाची झडप उघडून नवे पाणी आत येते. दांडा सोडला, की याच्या उलट घडते.

दक्षिण सुदानात सर्रास दिसणारा 'इंडिया मार्क २' हापसा १९७०च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने भारतात घडला. त्याचा पूर्वज होता आपल्या सोलापूरचा पंप!

मात्र एक वॉशर झिजला तरी हापसा थांबतो, आणि गाव पुन्हा डबक्याकडे वळते. म्हणून गावातच दुरुस्ती जाणणारा माणूस आणि सुटे भाग हवेत. विहिरींच्या जोडीला फडक्याने पाणी गाळणे आणि रोग्याला पाणवठ्यापासून दूर ठेवणे हे उपायही झाले. २००६ साली तेथे नारूचे २० हजारांवर रोगी होते. २०२० साली उरला फक्त १. पुढे पुन्हा काही रोगी आढळले. तेव्हा पहारा सुरूच ठेवायला हवा!