घराच्या नूतनीकरणाचं अंदाजपत्रक : मोजपट्टी, वही आणि 'आता एवढं करतोच आहोत तर...'



सातवीच्या वर्गात क्षेत्रफळ आणि शेकडेवारी शिकवताना मी यंदा पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवलं आणि फळ्यावर आमच्या घरच्या बाथरूमचं माप लिहिलं. लांबी ७ फूट, रुंदी ५ फूट. विचारलं, "फरशी किती लागेल?" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "३५ चौरस फूट!" दोन वर्षं आधी आम्ही नवरा-बायकोनंही दुकानात अगदी हेच उत्तर दिलं होतं. दोघंही शिक्षक, आणि त्यातली एक गणिताची.

आमचं घर साताऱ्यात, जुन्या पेठेत. सासऱ्यांनी बांधलेलं, पन्नाशी ओलांडलेलं. २०२३ च्या मे महिन्यात स्वयंपाकघर आणि बाथरूम नवीन करायचं ठरवलं. मिस्त्रींनी घर फिरून बघितलं आणि म्हणाले, "बाई, चारात बसवू." आम्हीही चार लाख धरले. काम संपलं तेव्हा वहीत बेरीज आली ५ लाख ८३ हजार. वरचे पैसे कुठून आले, तर मुलीच्या प्रवेशासाठी आणि वसतिगृहासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून. तिची बारावी त्याच वर्षी झाली होती. ती काही बोलली नाही, पण प्रवेशाच्या वेळी भावाकडून उसने घ्यावे लागले, ते मला अजून बोचतं. म्हणून हा लेख.

त्या दिवाळीत मी वही घेऊन बसले आणि जादा झालेले १ लाख ८३ हजार कुठे गेले ते शोधलं. जुने लोखंडी पाइप भिंतीत पार सडलेले निघाले, ते बदलायला ४६ हजार. स्वयंपाकघर आणि माजघरामधली भिंत काढायची ठरली होती. ती वरच्या मजल्याचा भार घेणारी निघाली, लोखंडी गर्डर टाकायला ५८ हजार. तोडफोडीची मजुरी आणि राडारोडा उचलणं ३१ हजार. टाइल्स कमी पडल्या, २२ हजार. उरलेले २६ हजार 'आता एवढं करतोच आहोत तर हेही करून टाकू' या वाक्याचे. दिवाणखान्यातलं नवं छत, दोन झुंबरं, दाराला नवी कडी.

गंमत बघा, यात भाव वाढल्यामुळे गेलेला पैसा जवळजवळ नाही. आपण मात्र दोष नेहमी महागाईला देतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "आता काढा काम, स्वस्त झालं." मी वही उघडून दाखवली. आमच्या कामाला सिमेंट लागलं ३० पोती, साधारण साडेअकरा हजारांचं. नवा दर लावला तरी वाचले असते नऊशेच्या आसपास. नवीन घर बांधताना सिमेंटचा दर महत्त्वाचा असतो. दुरुस्तीत पैसा जातो तो मजुरीत, आणि न मोजलेल्या गोष्टींत.

तर मोजायचं कसं? पुन्हा बाथरूमकडे येऊ. टाइल्स फक्त जमिनीला नसतात, भिंतींनाही असतात. परिमिती २४ फूट. सात फुटांपर्यंत लावायच्या म्हणजे २४ × ७ = १६८ चौरस फूट. इथे एक मुलगी उठली, "बाई, दार वजा करायचं ना?" करायचंच. अडीच बाय सातचं दार, साडेसतरा. उरले १५०.५. त्यात जमिनीचे ३५ मिळवले की १८५.५. कापताना तुटतात, कोपऱ्यांत वाया जातात, म्हणून दहा टक्के जादा. झाले साधारण २०४ चौरस फूट. पस्तीसच्या जवळजवळ सहापट! आणि हे जादाचे दहा टक्के सुरुवातीलाच घ्या. नंतर गेलात तर तीच टाइल मिळते, पण दुसऱ्या लॉटची, आणि रंगात फरक दिसतो. आमच्या बाथरूममध्ये दाराच्या बाजूची एक ओळ किंचित पिवळी आहे, पाहुण्यांच्या बरोबर लक्षात येते.

राडारोड्याचंही गणित करून बघा. बारा बाय दहाची खोली, उंची दहा फूट, चारही भिंतींचा जुना गिलावा एक इंच जाड. दारं-खिडक्या सोडून दिल्या तरी ४४० चौरस फूट भागिले १२, म्हणजे सुमारे ३७ घनफूट. फोडल्यावर तो फुगून पन्नासच्या घरात जातो, म्हणजे अर्धा ब्रास. वजन दोन टनांच्या आसपास. आमच्या बोळात ट्रॅक्टर शिरत नाही. हे दोन टन पोत्यांत भरून, डोक्यावरून, चौकापर्यंत. प्रत्येक पोत्याची मजुरी आहे, आणि ती कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हती. गाळपाच्या हंगामात तर आमच्याकडचे ट्रॅक्टर उसात गुंतलेले असतात, मिळाला तरी त्याच्या सोयीनं येतो.

भिंतीबद्दल मात्र पैशापेक्षा जिवाचा प्रश्न आहे. जुन्या पेठांतली बरीच घरं कॉलमवर नाहीत, भिंतींवर उभी आहेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याच जिल्ह्यातला. मिस्त्री कितीही अनुभवी असोत, भिंत काढण्याआधी इंजिनिअरला बोलवा. त्याची फी गर्डरच्या मानानं किरकोळ असते. आम्ही त्याला अर्धी भिंत फोडल्यावर बोलावलं.

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. तिथली अडचण वेगळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५ आहे), २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. भावानं पहिल्या पुरानंतर दोन महिन्यांत घाईनं रंग काढला. भिंती आतून ओल्याच होत्या. उन्हाळ्यापर्यंत लोणा लागून पापुद्रे पडले, ते पैसे वाया. दुसऱ्या पुरानंतर त्यानं गिलावा कमरेपर्यंत काढून भिंती उन्हाळाभर उघड्या ठेवल्या, बोर्ड पाण्याच्या खुणेच्या वर नेले आणि खालच्या मजल्यावर प्लायवूडचं फर्निचर केलंच नाही, कडाप्प्याचे कप्पे केले. दिसायला साधं, पण त्याचं अंदाजपत्रक माझ्यापेक्षा शहाणं.

आता आमच्या शाळेत कुणी घर काढलं की मला विचारतात. मी एवढंच सांगते: हातात पाच लाख असतील तर काम चार लाखांचं ठरवा. जुन्या घराला वीस टक्के राखीव, पंधरा-वीस वर्षांच्या घराला दहा चालतील. राखीव पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि मिस्त्रींना त्यांचा पत्ता लागू देऊ नका. आधी गळती, मग पाइप आणि वायरिंग, मग गिलावा-फरशी, रंग सगळ्यांत शेवटी. पैसे संपले तर रंग थांबू शकतो, गळका पाइप थांबत नाही. उचल द्या ती झालेल्या कामावर, तारखेवर नको.

पतसंस्थेचं कर्ज पगारातून कापलं जातं म्हणून हलकं वाटतं. ३ लाख, ११ टक्के, पाच वर्षं धरा: हप्ता साधारण ६,५२० आणि एकूण परतफेड ३ लाख ९१ हजार. म्हणजे ते ९१ हजारही घराच्याच खर्चात लिहायचे. जुन्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जाच्या व्याजावर वर्षाला कमाल ३० हजारांची वजावट मिळते, पावत्या मात्र जपा.

आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग राहिलंय. साताऱ्याचा पाऊस बघता ते जूनच्या आत व्हायला हवं, शिवाय कोब्यावर किमान सात दिवस पाणी धरून ठेवायचं, म्हणजे एप्रिलातच सुरुवात. माप मुलीनं घेतलंय. कठड्याच्या कडेनं वर चढणारा एक फूटही तिनं धरलाय, मी विसरले होते.