विश्लेषण : बोरिवलीच्या जंगलात लेणी, तलाव आणि बिबटे एकत्र कसे नांदतात?

पावसाने जरा उसंत घेतली की बोरिवली पूर्वेच्या ‘नॅशनल पार्क’च्या फाटकावर रांग लागते. बहुतेकांची भेट सफारी, बोटिंग आणि भाजलेल्या कणसापाशी संपते. मात्र मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध असलेल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात त्यापलीकडेही बरेच काही आहे.

कान्हेरीत नेमके काय पाहावे?

मुख्य फाटकापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे. उद्यानाची बस मिळते. भाड्याची सायकलही मिळते, पण शेवटचा चढ दमछाक करणारा आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे जवळपास हजार वर्षे येथे खोदकाम सुरू होते. काळ्या बेसॉल्टच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. कृष्णगिरीवरून कान्हेरी हे नाव आले. सोपारा, कल्याण या बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या दानाच्या नोंदी ब्राह्मी शिलालेखांत सापडतात. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील उंच बुद्धमूर्तींसमोर सगळे फोटो काढतात आणि तिथूनच परततात. खरे तर त्यापुढे वर चढून जायला हवे.

कारण कान्हेरीचे खरे आश्चर्य पाण्याचे नियोजन हे आहे. चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने कोरडे, अशा डोंगरावर भिक्खूंची मोठी वस्ती टिकली ती ‘पोढीं’मुळे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके. बहुतेक विहारांच्या दाराशेजारी असे एक टाके दिसते. कातळावर पडणारे पाणी कोरलेल्या बारीक पन्हळींतून टाक्यात उतरते. टाक्याचे तोंड लहान आणि पोट खडकाच्या आत असल्याने उन्हाने पाणी कमी उडते. पोढी खोदून देणे हे पुण्याचे दान मानले जाई, हेही शिलालेखांतूनच कळते. पंप नाही, नळ नाही. सगळे काम उताराच्या जोरावर.

ब्रिटिशांनी मुंबईला नळाचे पाणी द्यायचे ठरवले तेव्हा त्यांनीही हेच डोंगर निवडले. विहार तलाव १८६० मध्ये, तर तुळशी १८७९ मध्ये पूर्ण झाला. शहराच्या पाण्यात आज त्यांचा वाटा थोडाच आहे. पण मिठी आणि दहिसर या नद्यांचा उगम याच परिसरात आहे.

बिबट्यांची भीती किती खरी?

२०१८ मधील कॅमेरा ट्रॅप गणनेत उद्यान आणि लगतच्या भागात ४७ बिबटे नोंदवले गेले. जंगलाच्या आकारमानाने हा आकडा मोठाच आहे. चितळ, सांबर यांच्याबरोबरच भटकी कुत्री हेही त्यांचे भक्ष्य आहे. वस्तीच्या कडेला कचरा साचला की कुत्री वाढतात आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या येतो. २००४ च्या सुमारास हल्ल्यांत अनेकांचे जीव गेले. इतर ठिकाणी पकडलेले बिबटे अनोळखी जागी सोडल्याने संघर्ष वाढतो, हे अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातील कामातून पुढे आले. २०११ पासून वन विभागाने अभ्यासक आणि नागरिकांना सोबत घेऊन जनजागृती सुरू केली आणि पिंजऱ्यावरचा भर कमी झाला. तरीही धोका संपलेला नाही. २०२२ मध्ये लगतच्या आरे वसाहतीत एका बालिकेचा बळी गेला.

जंगलात राहणाऱ्यांचे काय?

नवापाडा, चिंचपाडा अशा पाड्यांवर वारली आणि इतर आदिवासी राहतात. वारलींसाठी वाघोबा हा देव आहे आणि त्यांच्या ‘वाघा’त बिबट्याही येतो. उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. झोपड्या हटवण्याच्या त्या मोहिमेत पिढ्यानपिढ्या इथेच असलेले आदिवासीही भरडले गेले आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद चिघळत राहिला. दुसरीकडे, याच डोंगरांखालून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचा सुमारे ११.८ किलोमीटरचा प्रकल्प आखण्यात आला आहे.

जाण्यापूर्वी काय लक्षात ठेवावे?

सोमवारी उद्यान बंद असते. कान्हेरीसाठी पुरातत्त्व खात्याचे वेगळे तिकीट लागते. शक्यतो सकाळी लवकर निघावे. माकडे पिशव्या हिसकावतात, त्यामुळे खाऊ हातात ठेवू नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरायला होते. संध्याकाळी परतताना मुलांना पुढे पळू न देता सोबत ठेवावे आणि रस्ता सोडून झाडीत शिरू नये.