कोल्होबांचे अमेरिकन भाऊबंद

मराठी शिकवणाऱ्याने अमेरिकेतल्या सापळ्यांविषयी लिहावे, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. पण मला या वाटेला लावले ते एका शब्दाने. ‘आमिष’ म्हणजे मांस. म्हणून तर आपण सामिष-निरामिष म्हणतो. आज मात्र आमिष म्हटले की आधी लालूच आठवते. मांसाची लालूच कशी होते, हे पाहायचे तर कायोटीची गोष्ट ऐकावी.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा उत्तर अमेरिकेतला भाऊबंद. अंगाने थोडा मोठा, अकलेने तितकाच बेरकी. तो कळपातली कोकरे उचलतो, म्हणून पश्चिमेकडील मेंढपाळांचे त्याच्याशी पिढीजाद वैर. तिथले जाणते शिकारी जमिनीत तिरपे भोक पाडतात, तळाशी वासाचे मांस ठेवतात आणि तोंडाशी चाळलेल्या मातीखाली लोखंडी सापळा दडवतात. माणसाचा वास राहू नये म्हणून हातमोजे घालतात. यातली मेख अशी, की कायोटी स्वतः उरलेले अन्न पुरून ठेवतो. ते भोक त्याला दुसऱ्या कोणी पुरलेली ठेव वाटते! आणि शेजाऱ्याची ठेव पाहण्याचा मोह कोणाला आवरतो?

या कामाला चिकाटी लागते. विषाला लागत नाही. एकोणिसाव्या शतकात मेलेल्या जनावरांत स्ट्रिक्नीन भरून ती माळावर टाकत. पुढे सरकारच या कामात उतरले. १९३१ साली तसा कायदा झाला. मग ‘टेन-एटी’ नावाचे नवे जहर आले. ते मांस कायोटी खाई, तसाच गरुडही खाई आणि एखादा पाळीव कुत्राही. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर अशा विषांना बंदी घातली. १९८२ साली अध्यक्ष रेगन यांनी तो आदेश मागे घेतला.

आणि कायोटी? मूळचा माळरानातला हा प्राणी लांडगे हटताच पूर्वेकडे पसरला. १९९९ साली तर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एक पकडला गेला!

मेंढपाळाचे दुःख खोटे नव्हे. कोकरू जाते, तेव्हा त्याच्या घरचा घास जातो. म्हणूनच कळपाबरोबर राखणीचे कुत्रे ठेवणारे मला शहाणे वाटतात. कुत्रा चोर ओळखतो. विषारी मांसाला फक्त भूक ओळखता येते.