सातबारा उघडा, कॉलम मोजा: डेटाबेस मॉडेलमधले रकाने कसे ठरवायचे

पनवेलहून मी बोलतेय, आणि हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. लोकलच्या गर्दीत ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे सगळं पुन्हा, जरा सावकाश.

विषय आहे कॉलम. मायएसक्यूएल वर्कबेंच उघडलं, नवीन मॉडेल घेतलं, त्यात टेबलाचा डबा ठेवला, इथपर्यंत सगळे येतात. डब्यावर डबल क्लिक केलं की खाली ‘कॉलम्स’ नावाचा टॅब येतो आणि तिथे हात थांबतो. किती रकाने? नावं काय? ते पीके, एनएन, यूक्यू, एआय असे चौकोन कसले?

ट्युटोरियलवाले इथे ग्राहक आणि ऑर्डर घेतात. मी सातबारा घेते. आपल्या पनवेल तालुक्यात विमानतळ आला, नैना आला, आणि घरोघरी कुणाच्या ना कुणाच्या व्हॉट्सॲपमध्ये सातबाऱ्याची पीडीएफ येऊन पडली. काढा ती. सात म्हणजे गाव नमुना सात, जमीन कुणाच्या हक्काची ते. बारा म्हणजे नमुना बारा, त्यात पीक काय ते. म्हणजे एका कागदावर मुळात दोन टेबलं आहेत! सरकारी सर्व्हरच्या आत काय रचना आहे ते आपण बघत नाहीये. कागद समोर ठेवून आपलं स्वतःचं मॉडेल काढतोय. कॉलमची नावं मी इथे मराठीत सांगते, तुम्ही रोमन लिपीत, मध्ये स्पेस न सोडता लिहा.

पहिला कॉलम भूमापन क्रमांक. ‘क्रमांक’ वाचलं की हात ‘इंट’कडे जातो. पण उताऱ्यावर ४५/२/अ असं असतं. हा आकडा नाही, मजकूर आहे. त्याची बेरीज कुणी करत नाही. तेव्हा ‘व्हारकॅर’. आणि याला प्रायमरी की करू नका, कारण जमिनीची वाटणी झाली की नंबर फुटतो. वेगळा ‘आयडी’ कॉलम घ्या, त्यावर पीके आणि एआय टिक करा. एआय म्हणजे ऑटो इन्क्रिमेंट, नंबर आपोआप वाढत जातो.

क्षेत्र बघा आता. ०.४०.५० असं लिहिलेलं असतं: शून्य हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर. दोन टिंबं असलेला आकडा कुठल्याच डेटाटाइपला कळत नाही, म्हणून लोक तो मजकूर म्हणून साठवतात आणि मग गावाची एकूण जमीन काढताना रडतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, हेक्टर म्हणजे १०० आर. तेव्हा सरळ ‘क्षेत्र_चौमी’ असा एक कॉलम ठेवा आणि त्यात ४०५० लिहा. साधारण एक एकर झाला. टिंबं दाखवायची ती स्क्रीनवर दाखवा. एकक कॉलमच्या नावातच घातलं की दोन वर्षांनी येणारा माणूस गुंठे समजून बसत नाही.

लागवडीचं क्षेत्र एक, पोटखराबा दुसरा. मग एकूण? २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा या दोन्हींची बेरीज उताऱ्यावर दाखवायला सुरुवात झाली. वर्कबेंचमध्ये यासाठी ‘जी’ चौकोन आहे, जनरेटेड. तो टिक करून शेजारच्या डिफॉल्टच्या खान्यात बेरजेचं सूत्र लिहायचं. बेरीज डेटाबेस करतो; हाताने भरलेली एकूण कधीतरी चुकतेच.

नावाच्या लांबीबद्दल एक गंमत. ‘श्रीकृष्ण’ आपल्याला तीन अक्षरं वाटतात, पण काने-मात्रे, हलन्त धरून संगणक ती नऊ मोजतो. व्हारकॅर २० ठेवलात तर पूर्ण मराठी नाव बसणारच नाही. मी २०० ठेवते. कॅरेक्टर सेट ‘यूटीएफ८एमबी४’, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ.

आता खरा मुद्दा, भोगवटादाराचं नाव. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे ‘एकुमॅ’ दिसतं. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप गेला की थोरल्या मुलाचं नाव लागायचं, कुटुंबाच्या वतीने. बाकीची भावंडं? कधी नोंदच नाही. बहिणी? बऱ्याचदा ‘इतर हक्क’ या रकान्यात. त्याच रकान्यात बँकेचा बोजा, तिथेच कूळ, तिथेच विहिरीचा हिस्सा. २००५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, पण आत्याचं नाव अजून सोसायटीच्या कर्जाशेजारी बसलेलं घरोघरी सापडेल. संपादनाची नोटीस येते तेव्हा आधी भोगवटादाराच्या रकान्यातली नावं वाचली जातात. रकाना चुकला की माणूस मागे पडतो.

हा दोष कागदाचा म्हणा किंवा समाजाचा (मला विचाराल तर दोघांचा), पण मॉडेल काढताना तो आपण पुन्हा करायचा नाही. ‘नाव१, नाव२, नाव३’ असे कॉलम वाढवत जाल तर चौथी बहीण कुठे लिहाल? आणि ‘इतर’ नावाचा मोकळा मजकुराचा कॉलम ठेवलात, तर जे जे अवघड ते सगळं तिथे जाऊन पडेल. व्यक्तीचं टेबल वेगळं करा, आणि जमीन व व्यक्ती जोडणारं ‘हक्क’ नावाचं तिसरं टेबल. त्यात जमीन_आयडी, व्यक्ती_आयडी, हक्काचा_प्रकार, फेरफार_क्रमांक. चौघं असोत की चौदा, तितक्या ओळी. कॉलम तेवढेच राहतात.

वाटा एका कॉलममध्ये दशांशात लिहू नका. तीन भावंडांना ०.३३ दिलं की बेरीज ०.९९. उरलेल्या तुकड्यावरून आपल्याकडे कोर्टकचेऱ्या होतात, बाबांनो! ‘वाटा_अंश’ आणि ‘वाटा_छेद’ असे दोन पूर्णांक ठेवा: १ आणि ३.

माणूस वारला तर ओळ उडवायची नाही, ‘स्थिती’ कॉलम बदलायचा. पूर्वी सातबाऱ्यावर अशी नावं कंसात जायची, २०२० च्या नमुन्यात त्यावर आडवी रेघ येते. नाव दिसतं, पण हक्क संपल्याचंही दिसतं.

टेबल चालू झाल्यावर नवा कॉलम लागला तर? ताजं उदाहरण आईच्या नावाचं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावायचं, असं राज्य सरकारने ठरवलं. तुम्ही व्यक्तीच्या टेबलात ‘आईचे_नाव’ टाकलंत आणि एनएन, म्हणजे नॉट नल, टिक केलंत. जुन्या हजार ओळींचं काय? पोस्टग्रेसक्यूएल सरळ नकार देतो. मायएसक्यूएल मात्र काही न बोलता सगळीकडे रिकामा मजकूर भरतो. मला पहिल्याची रीत आवडते. नल म्हणजे ‘अजून माहीत नाही’. रिकामा मजकूर म्हणजे भरलंय, पण आत काही नाही. आज्जींच्या आईचं नाव शोधायचं बाकी आहे, ते नसलेलं नाही! तेव्हा एनएन रिकामा ठेवा आणि नव्या नोंदींची सक्ती फॉर्ममध्ये करा.

कॉलम वरखाली करायचे तर माउसने ओढा, काढायचा तर राइट क्लिक करून डिलीट. मॉडेलमध्ये केलेलं खऱ्या डेटाबेसला लगेच लागत नाही. ‘सिंक्रोनाइझ मॉडेल’ केल्यावर लागतं. त्याआधी स्क्रिप्ट दाखवतात. ती वाचा. ‘ड्रॉप कॉलम’ हे शब्द दिसले तर चहा ठेवा, बॅकअप घ्या, मग पुढे. त्या कॉलममधला डेटा त्याच्याबरोबर जातो.

पुढच्या भागात हक्काच्या टेबलातली फॉरेन की लावू. तोवर घरचा उतारा घ्या आणि ‘इतर हक्क’मध्ये कोण कोण बसलंय ते लिहून काढा.